स्विच लावल्यानंतर दोन खोल्यांत वेग निम्मा झाला: दोष स्विचचा की वायरिंगचा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे दुमजली रो-हाऊस आहे. फायबरची जोडणी तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात आली आहे आणि तेथे ब्रॉडबँड कंपनीने बसवलेले ओएनटी, म्हणजे फायबरचा संकेत घरच्या उपकरणांना वापरता येईल असा करणारे खोके, आहे. वाय-फाय राउटरही त्याच खोक्यात आहे. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा असून दिवाणखान्यात पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर तेवढा वेग नियमितपणे मिळतो. बांधकाम चालू असतानाच प्रत्येक खोलीत लॅनची केबल भिंतीतून टाकून घेतली होती. या सर्व केबल जिन्याखालच्या कपाटात एकत्र येतात आणि दिवाणखान्यातून त्या कपाटापर्यंतही एक केबल आहे.

आतापर्यंत कपाटात दिवाणखान्याची केबल आणि वरच्या अभ्यासिकेची केबल एका जॉइनरने थेट जोडलेली होती. अभ्यासिकेतल्या डेस्कटॉपवर ९४ एमबीपीएस मिळत असत आणि जोडणी कधीही तुटत नसे. बाकीच्या खोल्यांनाही केबलवर इंटरनेट मिळावे म्हणून एका मित्राकडून आठ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे अनेक लॅन केबल एकमेकींना जोडणारे खोके, तात्पुरता आणला आणि जॉइनर काढून त्या जागी बसवला. त्यानंतर दोन गोष्टी घडू लागल्या. शयनगृहातल्या लॅपटॉपवर एकट्याने चाचणी घेतली तर ९४ दिसतात, परंतु त्याच वेळी मुलीच्या खोलीतल्या लॅपटॉपवरही चाचणी सुरू केली की दोघांनाही ४६-४७ च मिळतात. दुसरी अडचण अशी की, जी अभ्यासिका इतके दिवस सुरळीत चालत होती तिचा स्विचवरचा दिवा सतत लागतो आणि विझतो, आणि डेस्कटॉप ‘केबल जोडलेली नाही’ असा संदेश देतो.

स्विच आपल्याकडे आलेला वेग पोर्टांमध्ये वाटून टाकतो का, आणि अभ्यासिकेची तक्रार स्विच बिघडल्यामुळे आहे का, हे मला प्रामुख्याने समजून घ्यायचे आहे. त्याखेरीज, वरच्या मजल्यावर वाय-फाय क्षीण आहे. घरात एक जुना राउटर पडून आहे, तो स्विचला जोडून वापरता येईल का? पुढेमागे फाटकावर कॅमेरे लावण्याचा विचार असल्यामुळे आताच पीओई (लॅनच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देण्याची सोय) असलेला स्विच विकत घ्यावा का, याविषयीही सल्ला मिळाल्यास उपकार होतील.

पोर्टपाल

आपण दिलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर दडलेले आहे. ९४ हा आकडा योगायोगाचा नाही. इथरनेटच्या, म्हणजे लॅनच्या केबलवरच्या, एका पूर्ण फ्रेमला (माहितीच्या एका गठ्ठ्याला) तारेवर १५३८ बाइट इतकी जागा लागते आणि तीत आपल्या कामाचा मजकूर १४६० बाइट किंवा त्याहून थोडा कमी असतो. त्यामुळे १०० एमबीपीएसची जोडणी कितीही निर्दोष असली तरी स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे जाऊ शकत नाही. ज्या घरात २०० चा प्लॅन असून केबलवर बरोबर ९४ दिसतात, तेथे वाटेत कोठेतरी १०० एमबीपीएसचा टप्पा आहे असे खुशाल समजावे.

आपल्या बाबतीत तो टप्पा बहुधा ओएनटीवरच आहे. कंपन्या घरोघरी बसवतात त्यांपैकी अनेक ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि उरलेले १०० चे असतात. दिसायला ते सारखेच असल्यामुळे बसवणारा माणूस हाताला येईल त्या पोर्टात केबल खोचून जातो. पोर्टांजवळ बारीक अक्षरांत जीई किंवा एफई असे छापलेले आहे का ते पाहावे. जीई म्हणजे गिगाबिट आणि एफई म्हणजे १००. काही खोक्यांवर नुसतेच लॅन १, लॅन २ असे असते. अशा वेळी लॅपटॉप प्रत्येक पोर्टाला आलटून पालटून थेट जोडावा आणि संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो की १००, हे तपासावे. या कामी स्पीड टेस्टवर विसंबू नये, कारण तिच्या निकालात बाहेरच्या जगातल्या अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात.

आता वेग वाटला जाण्याविषयी. स्विचला कोणते उपकरण कोणत्या पोर्टवर आहे हे त्यांच्या मॅक पत्त्यांवरून (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून) कळत जाते, आणि एका पोर्टवर आलेली फ्रेम तो फक्त ज्या पोर्टवर ती जायला हवी तेथेच पाठवतो. त्याचा प्रत्येक पोर्ट दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतो. आठ पोर्ट आहेत म्हणून १००० ला ८ ने भागायचे, असे काही तो करत नाही. जुन्या काळी हब नावाचे उपकरण मिळत असे, ते मात्र आलेला प्रत्येक संदेश सर्व पोर्टांवर पाठवत असे आणि त्यामुळे सगळ्यांना मिळून एकच वेग उपलब्ध असे. वेग विभागला जातो ही समजूत तेव्हापासूनची असावी. आपल्याकडे जे विभागले गेले ते स्विच आणि ओएनटी यांना जोडणाऱ्या एका केबलवरचे १०० एमबीपीएस होय. दोन लॅपटॉपनी ते निम्मे निम्मे घेतले. ती केबल गिगाबिट पोर्टला लावल्यावर दोघांत २०० वाटले जातील, कारण आता मर्यादा प्लॅनची असेल. प्लॅन तर वाय-फायवरही सगळ्यांमध्ये वाटलाच जातो.

म्हणून ओएनटीच्या गिगाबिट पोर्टवर फक्त स्विच लावावा आणि केबलवरची इतर सर्व उपकरणे स्विचवर घ्यावीत. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वेग दुप्पट होईल या आशेने ओएनटी आणि स्विच यांना दोन केबलांनी जोडू नये. साध्या स्विचमध्ये अशा वळशाला अडवणारी व्यवस्था बहुधा नसते, त्यामुळे सर्वांना उद्देशून पाठवलेली एकच फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत वाय-फायसह सगळे घर ठप्प होते. स्विचच्या दोन पोर्टांना चुकून एकच केबल लागली तरी हेच घडते. कपाटात सुट्या केबलांची टोके लोंबकळत असतील तर त्यांवर खोल्यांची नावे लिहून ठेवावीत.

आयपी पत्ते वाटण्याचे काम पूर्वीप्रमाणे ओएनटीतला राउटरच करील. स्विचवर कोणतीही सेटिंग करावी लागत नाही आणि कंपनीला कळवण्याचीही आवश्यकता नाही. अभ्यासिकेच्या लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी मला शंका केबलचीच आहे, परंतु आधी पोर्ट बदलून काय होते ते सांगा.

गोदाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. ओएनटीच्या पहिल्या पोर्टाजवळ जीई असे छापलेले आहे आणि आमची केबल तिसऱ्या पोर्टात होती. ती पहिल्यात लावल्यावर शयनगृहात आणि मुलीच्या खोलीतही एकेकट्याने २०० च्या आसपास मिळू लागले. अभ्यासिकेची स्थिती मात्र आहे तशीच आहे. तिची केबल स्विचच्या इतर पोर्टांत लावून पाहिली. सगळीकडे तोच प्रकार होतो, आणि त्याच पोर्टांत दुसऱ्या खोल्यांच्या केबल व्यवस्थित चालतात. पूर्वी जॉइनरवर हीच केबल निर्वेध चालत होती, हे कोडे सुटत नाही.

सहजराव

डेस्कटॉपच्या नेटवर्क कार्डच्या सेटिंगमध्ये ‘स्पीड अँड ड्युप्लेक्स’ असा पर्याय असतो. तेथे १०० फुल निवडा. दिवा स्थिर होईल आणि पूर्वीइतके ९४ मिळू लागतील. भिंत उकरण्यापेक्षा हे सोपे आहे.

जोडतार

सहजराव यांचा उपाय दिवा स्थिर करील, पण त्यातून दुसरेच दुखणे उभे राहील. एका टोकाला वेग हाताने ठरवला की ते टोक समोरच्याशी वेगाविषयी वाटाघाटी करणे थांबवते. दुसऱ्या टोकाच्या साध्या स्विचला समोरच्याचा वेग १०० आहे हे ओळखता येते, परंतु तो फुल ड्युप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी चालणारा) आहे हे कळण्याचा मार्ग राहत नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो हाफ ड्युप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरून चालतो. मग एक बाजू हवे तेव्हा बोलते आणि दुसरी बाजू रेषा मोकळी होण्याची वाट पाहते. पिंग ठीक दिसतो, पाने उघडतात, पण मोठी फाइल चढवू लागले किंवा व्हिडिओ कॉल चालू असला की वेग कोसळतो. या बिघाडाचा माग काढणे मूळ बिघाडापेक्षा अवघड असते. साध्या स्विचबरोबर दोन्ही टोके ‘ऑटो’वरच ठेवावीत.

कोड्याचे उत्तर असे असावे. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, म्हणजे प्लगमधल्या १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या तारा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. वेगाविषयीची प्राथमिक वाटाघाट मात्र त्या पहिल्या दोन जोड्यांवरूनच होते. आता आपल्या अभ्यासिकेच्या केबलमध्ये चारच तारा जोडलेल्या आहेत असे समजा. जॉइनर होता तेव्हा एका टोकाला डेस्कटॉप आणि दुसऱ्या टोकाला ओएनटीचा १०० चा पोर्ट होता. दोघांचे १०० वर एकमत होत होते आणि चार तारांत काम भागत होते. आता समोर गिगाबिट स्विच आला. दोन्ही बाजू ‘मला १००० येते’ असे एकमेकींना कळवतात, त्यावर एकमत होते, आणि मग उरलेल्या जोड्यांवर समोरून काहीच येत नाही, म्हणून जोडणी पडते. पुन्हा वाटाघाट, पुन्हा तेच. काही कार्डे दोन-चार प्रयत्नांनंतर आपणहून १०० वर उतरतात, काही उतरत नाहीत. नवा स्विच आणला आणि चालती खोली बंद पडली, असे म्हणून स्विच परत करणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत.

अभ्यासिकेतल्या लॅनच्या सॉकेटची पट्टी उघडून पाहावी. ज्या घरात एकाच ठिकाणी लॅन आणि इंटरकॉम अशी दोन सॉकेटे असतात, तेथे इलेक्ट्रिशियन केबल वाचवण्यासाठी एकाच केबलच्या चार तारा लॅनला आणि उरलेल्यांपैकी दोन किंवा चार फोनला देऊन मोकळे होतात. नारिंगी आणि हिरवी जोडी लॅनला, निळी आणि तपकिरी फोनला, ही नेहमीची विभागणी. तसे आढळल्यास आणि इंटरकॉम वापरात नसल्यास दोन्ही टोकांना आठही तारा एकाच पद्धतीने बसवून घ्याव्यात. प्रचलित क्रम असा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सॉकेटवर या क्रमाचा रंगीत तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यातली बी ही रांग पाहायची असते.

काम करून घेताना समोर उभे राहावे. तारांची पिळे टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू देऊ नयेत. एकामागून एक दिवे लागणाऱ्या स्वस्त टेस्टरवर पूर्ण विश्वास ठेवू नये. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे एवढेच तो सांगतो. कोणी आठ तारा रंगांच्या जोड्यांप्रमाणे सरळ ओळीत, म्हणजे १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा बसवल्या तर टेस्टर सर्व दिवे हिरवे दाखवील, पण ३ आणि ६ या तारा वेगवेगळ्या पिळांतल्या झाल्यामुळे एकीचा संकेत दुसऱ्या जोडीत उतरेल आणि जोडणी डळमळीत राहील.

केबल मध्येच तुटलेली निघाली तर त्याच नळीतून नवी ओढता येते. जुनीच्या टोकाला नवी बांधून ओढायची. त्या वेळी कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्यावी आणि ती शुद्ध तांब्याचीच असल्याची खात्री करावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. घराच्या अंतरांसाठी कॅट ५ई पुरेशी आहे. गिगाबिट तीवर १०० मीटरपर्यंत चालते, आणि कोणत्याही रो-हाऊसमध्ये एवढी लांबी होत नाही.

पोर्टपाल

जोडतार यांच्याशी सहमत. आता जुन्या राउटरविषयी, कारण तो प्रश्न मागे राहिला होता.

तो अवश्य वापरावा, पण राउटर म्हणून नव्हे, तर केवळ वाय-फाय देणारा ॲक्सेस पॉइंट म्हणून. त्याच्या सेटिंगमध्ये तसा तयार पर्याय असेल तर तो निवडला की काम झाले. नसल्यास तीन गोष्टी कराव्या लागतील. राउटर स्विचला जोडण्यापूर्वी लॅपटॉपला थेट लावून त्याचा लॅनचा आयपी पत्ता बदलावा. उदाहरणार्थ, ओएनटी १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र ओएनटी ज्या पत्त्यांचे वाटप करते त्यांत हा पत्ता येत नाही हे पाहून. त्यानंतर त्याचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. शेवटी स्विचकडून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावावी. डीएचसीपी बंद करायचे राहिले तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतील, आणि काही उपकरणांना जुन्या राउटरमार्गे बाहेर जाण्याचा चुकीचा रस्ता सांगितला जाईल. एखाद्याच फोनला इंटरनेट नाही आणि बाकी सर्वांना आहे, अशी तक्रार पुष्कळदा येथूनच सुरू होते.

वॅन पोर्टात लावले तरी इंटरनेट चालते, म्हणून अनेकजण तसेच सोडून देतात. पण मग वरच्या मजल्यावरचे जाळे वेगळे होते. वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येत नाही, खालच्या लॅपटॉपला वरचा प्रिंटर दिसत नाही, आणि आतल्या पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर दोनदा होते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या त्यांच्या बाजूनेही एक सामाईक पत्ता अनेक ग्राहकांना देतात, म्हणजे एकूण रूपांतर तीनदा होते. ऑनलाइन खेळ आणि कार्यालयाचे व्हीपीएन तेथे कुरकुरतात.

वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दोन्ही मजल्यांवर एकच ठेवावेत, वाय-फायच्या वाहिन्या (चॅनल) मात्र वेगळ्या असाव्यात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांपैकी खाली एक व वर दुसरी. जुन्या राउटरचे पोर्ट १०० चेच असण्याची शक्यता आहे. तो साखळीच्या टोकाला असेल तर बिघडत नाही, पण त्याच्या मागच्या पोर्टांतून पुढे डेस्कटॉप जोडू नये, नाहीतर पुन्हा तेच ९४. दिवाणखान्यातला टीव्ही केबलवर घेणार असाल तर तेथे १०० दिसले तरी अस्वस्थ होऊ नये. अनेक टीव्हींचा लॅन पोर्टच तेवढा असतो, आणि ४के प्रवाहाला २५ एमबीपीएस पुरतात.

पाचवा दिवा

कॅमेऱ्यांसाठी सगळ्या घराचा मिळून एकच पीओई स्विच घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी सुचवीन. कॅमेऱ्यांच्या दुकानांत ‘आठ पोर्टचा पीओई स्विच’ म्हणून जो परवडणाऱ्या किमतीत मिळतो, त्याचे आठही वीज देणारे पोर्ट बहुतेक वेळा १०० चे असतात आणि फक्त बाजूचे एक-दोन अपलिंक (मुख्य स्विचला किंवा राउटरला जोडण्याचे) पोर्ट गिगाबिटचे असतात. कॅमेऱ्याला ते पुरते, कारण चार मेगापिक्सेलचा कॅमेराही साधारणतः १० एमबीपीएसच्या आतच असतो. खोल्या त्यावर घेतल्या तर मात्र आता ओएनटीवर जे झाले होते तेच पुन्हा होईल. घरासाठी साधा गिगाबिट स्विच घ्यावा, आणि कॅमेरे येतील तेव्हा त्याच्या एका पोर्टला छोटा पीओई स्विच जोडावा.

तो घेताना ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी या मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे. मानक पाळणारा स्विच समोरचे उपकरण वीज घेणारे आहे का हे आधी तपासतो आणि मगच वीज सोडतो. पहिल्या मानकात पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत, दुसऱ्यात ३० वॅटपर्यंत. ‘पॅसिव्ह पीओई’ या नावाने मिळणारी स्वस्त उपकरणे काहीही न विचारता वीज सोडतात. त्यांत चुकून लॅपटॉप लागला तर त्याचा पोर्ट जळू शकतो.

पीओई वेगळे ठेवण्याचे आणखी एक कारण पावसाळ्यापूर्वीच्या विजांचे आहे. फाटकापर्यंत उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल जवळपास वीज कोसळल्यावर विजेचा मोठा दाब ओढून घेते, आणि तो दाब स्विचमार्गे घरातल्या प्रत्येक पोर्टापर्यंत पोहोचू शकतो. फायबर स्वतः वीज वाहत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यांचा स्विच आणि घरचा स्विच यांच्यामध्ये दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल आणि फायबर यांना जोडणारी खोकी) आणि फायबरचा लहानसा तुकडा टाकला तर ती वाट बंद होते. खर्च थोडा वाढतो. तो पटत नसेल तर निदान सर्ज प्रोटेक्टर (असा दाब अर्थिंगकडे वळवणारे उपकरण) लावावा, मात्र त्याची अर्थिंगची तार खरोखर अर्थिंगला जोडलेली असावी. लोंबकळत ठेवलेला प्रोटेक्टर शोभेपुरताच.

जिन्याखालच्या कपाटाविषयी एक गोष्ट कोणी बोलले नाही. ओएनटीला आपण छोटा यूपीएस लावला असेल आणि स्विचला नसेल, तर वीज गेल्यावर खाली वाय-फाय चालू राहील आणि वरचा मजला बंद पडेल. स्विचलाही यूपीएसवर घ्यावे, पण दोघांचे व्होल्ट तपासून. ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालते आणि पाच किंवा आठ पोर्टचे पुष्कळ स्विच ५ किंवा ९ व्होल्टचे असतात. पिन एकमेकांत बसते म्हणून १२ व्होल्ट दिले तर स्विच गमवावा लागेल.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अभ्यासिकेची पट्टी उघडली. जोडतार यांनी म्हटल्याप्रमाणे निळी आणि तपकिरी जोडी शेजारच्या इंटरकॉमच्या सॉकेटला दिलेली होती आणि कपाटाच्या टोकाला त्या तारा प्लगच्या अलीकडेच कापलेल्या होत्या. इंटरकॉम आम्ही कधीच वापरला नाही. वायरमनला बोलावून दोन्ही टोकांना आठही तारा बसवून घेतल्या. आता लिंक स्पीड १००० दिसतो, दिवा स्थिर आहे आणि डेस्कटॉपवर प्लॅनचा पूर्ण वेग मिळतो. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वरच्या पॅसेजमध्ये लावला आहे. मित्राचा स्विच परत करून तसाच साधा आठ पोर्टचा घेणार आहे.

एक शेवटची शंका. शयनगृहातल्या लॅपटॉपवरून अभ्यासिकेच्या डेस्कटॉपवर फोटो पाठवताना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग दिसतो. तो प्लॅनच्या कितीतरी पट आहे. हे कंपनीच्या डेटा मर्यादेत मोजले जाते का?

पोर्टपाल

नाही. ती दोन्ही यंत्रे एकाच स्विचवर असल्यामुळे ती रहदारी जिन्याखालच्या कपाटातूनच परत फिरते आणि ओएनटीपर्यंत पोहोचतच नाही. सेकंदाला ११० मेगाबाइट म्हणजे गिगाबिट जोडणी जवळजवळ पूर्ण भरली आहे. फोटोंचा साठा क्लाउडवर चढवाल तेव्हा मात्र तो प्लॅनच्या अपलोड वेगाने जाईल आणि मर्यादेतही मोजला जाईल.